आवळण्याचा हट्ट

माणसाच्या हाताला यंत्रशास्त्राचा एकच नियम न शिकवता येतो: आवळलं की घट्ट, सोडलं की सैल. बरणीच्या झाकणापासून मांडवाच्या दोरीपर्यंत हा नियम इमानाने पाळत आलेला हात एके दिवशी मोटारीच्या बोनेटखाली जातो आणि तिथे रेडिएटरच्या पाइपावर बसलेली स्प्रिंगची क्लिप त्याला भेटते. पोलादी पट्टीचं एक कडं आणि वर आलेले दोन कान, एवढाच तिचा संसार. कान पक्कडीने दाबून जवळ आणले की कडं रुंदावतं आणि पाइप मोकळा होतो. पक्कड सोडली की कडं आक्रसतं आणि पाइपाला धरतं. म्हणजे आवळलं की सैल, सोडलं की घट्ट. हा उलटा कारभार हाताला पटत नाही, हाताच्या मालकाला तर मुळीच पटत नाही. मग ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या बऱ्याच गॅरेजांत व्हायचं तेच होतं: ही क्लिप काढून भंगारात टाकतात आणि तिच्या जागी पेचाची क्लिप आवळून देतात. व्यवहारात सगळे खूश असतात. माझं म्हणणं एवढंच, की शिक्षा भलत्याच आरोपीला झाली. गुन्हा पक्कडीचा होता, आणि तिला त्या कामाला जुंपणाऱ्याचा.

पक्कडीबद्दल महाराष्ट्रात वाईट बोलताना जरा जपून बोलावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘पक्कड द्या’ म्हटलं तर काउंटरवर बहुधा टपारियाची येते, आणि ती कंपनी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली; म्हणजे प्रकरण घरचंच. शिवाय अवजार खरोखर गुणी आहे. तार धरावी, पिळावी, कापावी यासाठी ते घडलंय आणि ती कामं ते चोख करतं. स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीवरची तारेची चिमुकली क्लिपही साधी पक्कड सहज काढते, तिथे माझी काही तक्रार नाही. अडचण मोठ्या क्लिपची. पक्कडीचे दोन्ही जबडे एकाच खिळीवर फिरतात, त्यामुळे तोंड जितकं उघडावं तितके ते एकमेकांना तिरपे होतात. तारेपुरतं तोंड किलकिलं केलं तर हा तिरपेपणा जाणवत नाही. रेडिएटरच्या क्लिपचे कान मात्र दोन-दोन बोटांच्या अंतरावर असतात. तिरप्या जबड्यांत सापडलेला गुळगुळीत कान बाहेरच्या बाजूला सरकू लागतो, आणि आपण जितका जोर लावू तितका तो जास्त उत्साहाने सरकतो. त्यात पट्टीच्या क्लिपेत एका बाजूची अरुंद पट्टी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून जाते. पक्कड जरा वाकडी लागली की सगळं कडंच पाइपावर गर्रकन फिरतं आणि कान इंजिनाकडे तोंड करून रुसून बसतात. निसटलेली क्लिप दोनच दिशांना जाते: आपल्या डोळ्यांकडे किंवा इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या गार्डकडे. पहिली दिशा धोक्याची. दुसरी अध्यात्माची, कारण टण् असा आवाज स्पष्ट ऐकू आलेला असतो, वस्तू अस्तित्वात आहे याबद्दल शंका नसते, फक्त ती दिसत नाही.

बरं, तोंड रुंद उघडायचं तर मुठीही तेवढ्याच रुंद उघडणार, आणि हल्लीच्या गाड्यांच्या बोनेटखाली मुठी पसरायला जागा कुठे ठेवलीय? एका अंगाला बॅटरी, दुसऱ्या अंगाला पंख्याचं कवच, मागे पत्र्याची भिंत. कान कुठल्या दिशेला असावेत हे कारखान्यातल्या जोडणीच्या सोयीने ठरतं. दहा वर्षांनी कोपरखैरण्यात त्या गाडीवर कोण ओणवा होणार आहे याचा विचार त्यात धरलेला नसतो. आणि एवढं करून कान दाबले गेले तरी ते दाबलेलेच ठेवावे लागतात, कारण साध्या पक्कडीला खटका नाही. एका हाताने पक्कड दाबायची, दुसऱ्याने पाइप पिळून मागे ओढायचा, आणि विजेरी धरायला हेल्परला हाक मारायची. हेल्पर विजेरी धरतो ती मेकॅनिकच्या तोंडावर. या अवस्थेत कुणाच्याही तोंडून त्या क्लिपबद्दल बरे शब्द निघणार नाहीत हे मला मान्य आहे.

इथे मेकॅनिक निर्णय घेतो. ‘काका, कंपनीची क्लिप लूज होती, पेचाची टाकलीय, आता टेन्शन घेऊ नका.’ काकाही टेन्शन घेत नाहीत, कारण पेच फिरताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. ब्रिटिश नौदलातल्या कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये या पेचाच्या क्लिपचं पेटंट घेतलं आणि ‘जुबिली क्लिप’ या नावाने ती जगभर गेली. शंभर वर्षं टिकलेल्या वस्तूला नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण तिची एक मर्यादा आहे: पेच जिथे थांबवला तिथे तिचा घेर थांबतो. रबर मात्र थांबत नाही. दाबून ठेवलेलं रबर हळूहळू दबल्या आकाराला सरावतं, पातळ होतं, आणि घेर तोच राहिल्याने पकड ढिली पडते. स्प्रिंगची क्लिप रबराच्या मागोमाग आक्रसत जाते, गरम होऊन पाइप फुगला तर फुगू देते, थंड झाला की पुन्हा जवळ येते. पायजम्याची नाडी सकाळी बांधली की तिला दुपारच्या जेवणाची खबर नसते; इलॅस्टिकला पंगतीतला प्रत्येक जिलबीचा आग्रह कळतो. तरीही नाडीवर श्रद्धा असणारे लोक असतात, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो: नाडी आपण स्वतः बांधतो. खरं दुखणं हेच. जे आपण पिळून, दात-ओठ खाऊन आवळलं ते पक्कं, आणि जे आपलं आपण बसतं ते संशयास्पद. म्हणूनच गिऱ्हाईक निघताना मेकॅनिक प्रेमाने पेचाला आणखी अर्धा फेरा देतो. त्या पट्टीला पेचाचे दाते अडकण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात. जादा फेऱ्याने रबर त्या खाचांतून वर फुगतं आणि कडांनी कापलं जातं. प्रेमाचा हा अर्धा फेरा पाइपाच्या आयुष्यातून वजा होतो.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येतो. थंडीने पाइप आक्रसून गळती होते हे युरोपातल्यांनी सांगावं. नवी मुंबईत थंडी येते कधी आणि जाते कधी हे स्वेटरलासुद्धा कळत नाही. आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात हवामान माणसाचं धरलंय, इंजिनाचं नाही. रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं असलेलं इंजिन सकाळी पंचवीस-तीस अंशांवर असतं आणि पामबीच रोड संपायच्या आत त्यातलं कूलंट नव्वदच्या आसपास जातं. संध्याकाळी पुन्हा तेच. महाबळेश्वर आणि चंद्रपूर त्या पाइपाला रोज दोनदा घडतं. त्यात रेडिएटरचं झाकण साध्या हवेपेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब कोंडून ठेवतं, आणि तो मुद्दाम कोंडतात, कारण त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. हा दाब बाहेर पडायला जागा शोधत असतो आणि ती जागा बहुतेक वेळा पाइपाच्या टोकाशीच असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो. तिथून निघून, एसी लावून, पाच माणसं आणि त्यांचं सामान घेऊन मे महिन्यात बोर घाट चढणाऱ्या गाडीत क्लिप कुठली आहे हा प्रश्न हवामानखात्याचा राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो ट्रकचा आहे. तुर्भ्याच्या बाजारात कांदा-बटाटा उतरवणारे, जेएनपीटीकडे कंटेनर नेणारे एवढे अवजड ट्रक, त्यांच्या पाइपांवर तर पेचाच्याच क्लिपा दिसतात; मग पाच माणसांच्या गाडीने नखरे का करावेत? एकतर ट्रकवाला नाडी बांधून विसरत नाही. अनुभवी ड्रायव्हर बाहेर पडण्याआधी पाना घेऊन एक फेरी मारतो, आणि आपल्यातले बरेच जण बोनेट उघडायची खिट्टी कुठे आहे हे गाडी विकताना शोधतात. दुसरं असं, की जड वाहनांच्या मोठ्या पाइपांसाठी बनवलेल्या पेचाच्या क्लिपांमध्ये कित्येकदा पेचाखाली स्प्रिंगच्या चकत्या घातलेल्या असतात, म्हणजे रबर दबलं तरी ताण टिकावा. नाडीवाल्यांनी तिथे गुपचूप इलॅस्टिक ओवलंय.

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ‘स्प्रिंगवाली गंजते आणि मोडते.’ गंजते खरी. शेजारी ठाण्याची खाडी, वर्षातले चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारट दमट हवा. या गावात न गंजणारी गोष्ट शोधावीच लागते. मात्र क्लिपवर गंजाविरुद्ध लेप दिलेला असतो आणि तो पहिल्यांदा कुठे खरवडला जातो ते पाहावं. कानांवर आणि कानांच्या मुळाशी, पक्कडीच्या दात्यांचे ओरखडे जिथे असतात तिथे. ताणाखालचं स्प्रिंगचं पोलाद गंजाच्या खाचेतून तडकतं. म्हणजे तपास पुन्हा फिरून त्याच आरोपीच्या दाराशी येतो. जुनी, गंजलेली, दमलेली क्लिप जरूर टाकावी, पण तिच्या जागी त्याच मापाची स्प्रिंगचीच घ्यावी. पुष्कळ क्लिपांच्या कानावर माप उठवलेलंच असतं, ते वाचायला फक्त चष्मा आणि नम्रता लागते.

मग काढायची कशाने? वॉटर पंप प्लायरने निम्मं काम होतं. त्याच्या खाचा बदलून तोंड लहानमोठं करता येतं, त्यामुळे कान दूर असले तरी जबडे बऱ्यापैकी समांतर राहतात आणि मुठी फार पसरत नाहीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९३३ मध्ये हॉवर्ड मॅनिंग यांनी या पक्कडीचं हल्लीचं खाचांचं रूप काढलं. पुढे ती ‘चॅनललॉक’ म्हणून ओळखली गेली. खास क्लिपांसाठीच्या पक्कडीला टोकाशी फिरत्या, खाच पाडलेल्या टोप्या असतात; कान खाचेत बसतो आणि पक्कड कशीही तिरकी झाली तरी टोपी स्वतः फिरून त्याच्याशी जुळवून घेते. त्याहून पुढची पायरी म्हणजे लांब केबलची पक्कड: टोक क्लिपवर, मूठ बोनेटच्या बाहेर आपल्या हातात, आणि दाबलेलं दाबलेलंच ठेवणारा खटका. व्हाइस ग्रिपवाले इथे हात वर करतील, की खटका तर आमच्याकडेही आहे. आहे, नेब्रास्कातले लोहार विल्यम पीटरसन यांनी १९२० च्या दशकात तो दिला आणि जगाचे हात मोकळे केले. पण व्हाइस ग्रिपच्या दात्यांचा स्वभाव कान दाबण्यापेक्षा चावण्याकडे जास्त, आणि चावल्याचे परिणाम वर आलेच आहेत. ‘एका क्लिपसाठी एवढी पक्कड घ्यायची?’ असं घरमालक विचारेल तर त्याने घेऊ नये, वॉटर पंप प्लायर घ्यावा. सिडकोच्या जुन्या घरात सिंकखालचा नट त्याची वाट पाहतच असतो. दिवसाला चार रेडिएटर उघडणाऱ्या गॅरेजने मात्र हा प्रश्न विचारू नये.

काढण्याची रीतही पक्कडीइतकीच महत्त्वाची. इंजिन पूर्ण गार, डोळ्यांवर गॉगल. पाइप पक्कडीने ओढायचा नाही. तो वर्षानुवर्षं चिकटलेला असतो, आधी हाताने पिळून सुटा करायचा, आणि बदलायचाच असेल तर सरळ उभा कापायचा. क्लिप आधी मागे, पाइपाच्या मधल्या भागावर सरकवून ठेवायची म्हणजे ती हरवत नाही. परत बसवताना तोटीच्या उंचवट्याच्या मागे, रबरावर पडलेल्या जुन्या ठशातच बसवायची आणि कान पुढच्या माणसाला दिसतील असे ठेवायचे. सांडलेलं कूलंट लगेच धुवायचं. चवीला गोड आणि पोटात विष, गल्लीतल्या कुत्र्याला यातलं पहिलंच कळतं. दुकानातून येणाऱ्या काही नव्या क्लिपा उघड्या अवस्थेत खिट्टी लावून येतात. जागेवर ठेवून खिट्टी ओढली की काम झालं, पक्कड लागतच नाही. आवळायला काहीच न मिळाल्यामुळे काही कारागीर या क्लिपांवर नाराज असतात.

आणि एवढं वाचूनही ज्यांची साध्या पक्कडीवरची निष्ठा ढळली नसेल, त्यांच्यासाठी एक्सलच्या रबरी बुटावरची एका कानाची पट्टी आहे. ही उघडण्यासाठी बनलेलीच नसते. ती कापून काढायची, आणि तिथे पक्कडीच्या जबड्यातली कातर खरोखर उपयोगी पडते. नवी पट्टी लावताना मात्र कान चिमटून बसवणारी वेगळी पक्कड हवी. ती गॅरेजात नसली तर तिथेही मोठ्या विश्वासाने पेचाचीच क्लिप आवळली जाते, आणि पुढचे काही महिने तिचा पेचाचा गड्डा दर मिनिटाला शेकडो फेरे मारत शेजारच्या ब्रेकच्या नळीला जवळून बघत राहतो.