शिळ्या पोळीची उलटतपासणी

मराठी मध्यमवर्गीय घराची आर्थिक परिस्थिती जाहीरपणे दोनदा सांगितली जाते, आणि दोन्ही वेळा वेगवेगळी. पहिल्यांदा घरातल्या मुलाचं लग्न ठरताना. तेव्हा घर ‘खाऊनपिऊन सुखी’ असतं, वडील कायम नोकरीत असतात, मागे जबाबदारी नसते आणि गावाकडे ‘थोडी शेतीही’ असते. दुसऱ्यांदा त्याच मुलाच्या एकसष्टीला. मानपत्र वाचायला कोणीतरी उभं राहतं आणि तेच घर, तेच वडील आणि ती थोडी शेती, सगळं मिळून अठराविश्वे दारिद्र्यात जाऊन बसतं. होऊन गेलेल्या काळातलं उत्पन्न मधल्या पस्तीस वर्षांत इतकं कसं घसरलं, हे कोणी विचारत नाही, कारण पुढे जेवण असतं. माझं म्हणणं एवढंच, की या दोघांत लग्न जुळवणारा मध्यस्थ खरं बोलत होता. मध्यस्थाच्या बाजूने असं विधान करायची वेळ क्वचितच येते, म्हणून ते नीट सिद्ध केलं पाहिजे.

लहानपणच्या गरिबीचे पुरावे म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांची यादी जवळपास ठरलेली आहे. त्यातला प्रत्येक साक्षीदार पिंजऱ्यात उभा करून दोन प्रश्न विचारले, की तो उलटतो. सर्वांत लाडकी साक्ष शिळ्या पोळीची. ‘सकाळी नाश्ता कसला, रात्रीची पोळी कुस्करून फोडणीला टाकायची.’ इथे विचारायचं ते असं, की रात्रीची पोळी सकाळपर्यंत उरली कशी? ज्या घरात सगळ्यांची पोटं भरून डब्यात चार पोळ्या राहत, त्या घराला महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांनी त्या काळी हेव्यानेच पाहिलं असतं. शिवाय पोळी गव्हाची. भाकरीच्या मुलखात रोज गहू दळून आणणं हीच एक सामाजिक पायरी होती. दुसरी साक्ष मोठ्या भावाच्या कपड्यांची. मोठ्याचा सदरा धाकट्याला आला, याचा अर्थ तो फाटण्याआधी मोठ्याला आखूड झाला. म्हणजे मोठ्याला एकाहून जास्त सदरे होते आणि तो पोटभर जेवून वाढत होता. तिसरी, पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या वह्या. हे पाठकोरे कागद वडील कचेरीतून आणत. त्यासाठी वडिलांना कचेरी असावी लागते. खडी फोडणाऱ्याच्या मुलाला पाठकोरा कागद कुठून मिळणार? चौथी, आईने शिवणकाम करून हातभार लावला. त्या कष्टाला नमस्कार. पण शिवणयंत्र ही त्या काळी घरातली एक मालमत्ता होती, हे नोंदवून घ्यावं लागेल. पाचवी साक्ष किराणा उधारीवर यायचा ही. वाण्याने महिनाभर उधार दिलं, कारण पहिल्या तारखेला पगार होणार हे मुलांपेक्षा वाण्याला जास्त खात्रीने ठाऊक होतं. खऱ्या गरिबाला वाणी उधार देत नाही. त्याला सावकार देतो, आणि तोही आधी भांडी ठेवून घेतो.

राहिलं शाळेचं अंतर. हे अंतर सांगणाऱ्याच्या वयाबरोबर वाढतं आणि वाटेत एक ओढाही लागतो, हे सर्वांना माहीत आहे. या प्रकाराचं मूळ बहुधा धोंडो केशव कर्व्यांच्या पायपिटीत असावं. परीक्षेसाठी ते कोकणातल्या मुरूडहून कुंभार्ली घाटाने साताऱ्याला सुमारे ११० मैल चालत गेले, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. तेव्हापासून प्रत्येक यशस्वी मराठी माणसाला आपल्या चरित्रात थोडं तरी चालणं हवंसं वाटतं. पण चालणं हा रस्ते आणि एस.टी. यांचा प्रश्न आहे. जिथे गाडीच जात नाही, तिथे पाटलाचा मुलगाही चालतो. कंदिलाचंही तसंच. गावात वीज आली नव्हती तोवर सावकाराचे हिशेबही कंदिलाखालीच झाले, आणि ते हिशेब काही गरिबीचे नव्हते.

गरिबी म्हणजे काय याचा हिशेब मांडण्याचं काम, योगायोगाने म्हणा किंवा काव्यगत न्यायाने, पुण्यातच झालं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा आपला अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांची कसोटी. १९६०-६१ च्या किमतींना ती खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी निघाली. खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. आता घरात सात माणसं धरली तर शहरातली रेषा महिना १५७ रुपये ५० पैशांवर येते. मोठ्या कुटुंबाचा प्राथमिक शिक्षक या आकड्याच्या आसपास नक्कीच घुटमळत असेल आणि त्याच्या मुलांना मी या लेखातून सन्मानाने बाहेर काढतो. परंतु महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शन असलेला, मुलांची पाठ फिरली की पोस्टात पैसे टाकून येणारा गृहस्थ या रेषेच्या वर होता. चांगलाच वर होता. दांडेकर आणि रथ यांच्या कसोटीत सिनेमा नव्हता, आइस्क्रीम नव्हतं, उन्हाळ्यातली माथेरानची सहलही नव्हती. त्यांनी फक्त पोट भरलं का एवढंच विचारलं होतं. आपल्या आठवणींतली गरिबी मात्र बहुतेक आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर घडलेली असते.

मग जाणवत होतं ते काय होतं? ती टंचाई होती, आणि टंचाईला पैशाने उत्तर नव्हतं. बजाजची स्कूटर हवी तर नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबायचं. टेलिफोनचा अर्ज वडिलांनी भरायचा आणि यंत्र सुनेने उचलायचं. गॅसचा नंबर लागला की पेढे वाटायचे. या रांगेत उभं राहायला पैसे लागत, हे आपण विसरतो. ज्याच्याकडे चुलीपुरतं सरपण नाही तो गॅसच्या प्रतीक्षायादीत नसतो. रांग ही ऐपतीची खूण होती, तिला आपण कंगालीची खूण केली. या गोंधळाचा सर्वांत सुंदर नमुना सातासमुद्रापार सापडतो. साठीच्या दशकाच्या अखेरीस किंवा सत्तरीत अमेरिकेला गेलेला मराठी माणूस ‘खिशात फक्त आठ डॉलर घेऊन’ उतरतो. ते आठ डॉलर अगदी खरे आहेत. पण ती वडिलांची ऐपत नव्हती, परकीय चलनाचा नियम होता. उद्योगपतीचा मुलगाही तेवढेच घेऊन उतरला असता. आणि विमानाच्या तिकिटाला त्या आठ डॉलरांच्या कितीतरी पट रुपये लागले होते, त्यांचा उल्लेख कथेत येत नाही, कारण तो आला तर कथा तिथल्या तिथे संपते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की लहान मुलाला जे वाटलं तेच त्याचं सत्य. त्याला अर्थशास्त्राचे आकडे काय दाखवता? आक्षेप वाजवी आहे आणि मी तो मान्य करतो. मुलगा खोटं बोलत नव्हता. पैशाबद्दल मुलांसमोर बोलायचं नाही, हा मराठी घरांचा अलिखित नियम होता. ‘परवडत नाही’ हे एकच वाक्य खेळण्यापासून विमानापर्यंत सगळ्याला पुरे. मुलाला वाटलं, घरात पैसे नाहीत. आणि घरात खरोखरच नव्हते, ते पोस्टात होते. कोथरूडला सोसायटीचा प्लॉट घेतला गेला तेव्हा मुलाला फक्त एवढंच कळलं, की यंदा दिवाळीला नवे बूट नाहीत. त्या बुटांबद्दलचं त्याचं दुःख शंभर टक्के खरं आहे. माझी तक्रार सहा वर्षांच्या मुलाविषयी नाहीच. साठीच्या माणसाविषयी आहे, ज्याने मध्यंतरी तो प्लॉट विकून आलेली रक्कम स्वतः मोजली, आणि तरीही तो बुटांवरच अडून बसला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. गरिबी सापेक्ष असते, शेजाऱ्याच्या घरात रेडिओ आणि आपल्या घरात नाही, हीही गरिबीच. असेल. पण सापेक्षतेला दोन बाजू असतात, आणि वरच्या शेजाऱ्याकडे बघताना आपली मान जेवढी वळते तेवढी खालच्याकडे बघताना वळत नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या गिळल्या, सुकडीसाठी हात पुढे केले, पाझर तलावाच्या कामावर उन्हात दगड फोडले, त्यांच्या मोजपट्टीवर पाठकोऱ्या वह्यांचं घर कुठे बसतं? तिथे गरिबीच्या जोडीला जातही होती, आणि ती कोणत्याही पासबुकाने पुसली जात नव्हती. ज्यांनी हे जगून लिहिलं, त्यांचं लिहिणं उघडून पाहावं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० चं. ‘पण तरी काय मजा होती हो!’ हा आपला लाडका सूर या पुस्तकांत कोणी शोधून दाखवावा. गरिबी गोड लागायला ती बरीच पातळ असावी लागते.

भाषेची तर काहीच चूक नाही. मराठीने या बाबतीत इतक्या पायऱ्या करून ठेवल्या आहेत, की कोणालाही आपल्या मापाचा शब्द सापडावा. काटकसर आहे, चणचण आहे, तंगी आहे, ओढाताण आहे, ओढगस्त आहे. मग कुठे गरिबी, आणि तिच्याखाली दारिद्र्य. आपल्यातल्या बहुतेकांची घरं ओढाताणीच्या आसपास होती. पण ‘बालपण ओढाताणीत गेलं’ असं मानपत्रात लिहिलं तर फ्रेमचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. काटकसरीचे दिवस काढणाऱ्याला कोणी शाल देत नाही. इथे खरं कारण सापडतं. आपण जिथे पोचलो तिथे स्वतःच्या हिमतीवर पोचलो हे सांगायचं असेल, तर निघण्याची जागा जितकी खोल तितकं बरं. कायम नोकरी करणारे वडील, घरात बोलली जाणारी पुस्तकी मराठी, शहरात शिकायला मामाच्या घरी मिळालेली जागा, पहिल्या नोकरीसाठी काकांनी टाकलेला शब्द, या सगळ्यांचा हिशेब मांडला तर हिमतीच्या वाट्याला फार थोडं उरतं. म्हणून मामाला कथेतून वगळतात आणि ओढ्याला पूर आणतात. सवलती कोणाला असाव्यात यावर वाद निघाला, की ‘आम्हीही गरिबीतूनच वर आलो, आम्हाला कोणी दिलं होतं का?’ हे वाक्य फार उपयोगी पडतं. एवढं उपयोगी वाक्य कोण सोडून देईल?

श्रीमंती लपवायला त्या काळात आणखी एक सरकारी प्रोत्साहन होतं, हे न्यायासाठी सांगायला हवं. १९७३-७४ मध्ये आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. एवढा कर असल्यावर खरे श्रीमंतही मळके कपडे घालून हिंडू लागले तर नवल नाही. गरीब दिसणं ही राष्ट्रीय शिष्टाचाराचीच गोष्ट झाली. पण ज्यांच्यापर्यंत तो दर कधी पोचणारच नव्हता, त्या कारकुनांनीही खबरदारी म्हणून तोच पोशाख स्वीकारला, आणि तो त्यांच्या आठवणींना घट्ट चिकटून राहिला.

या सगळ्या वादात लेखी पुरावा मागणाऱ्यांसाठी एक कागद आहे, आणि तो बहुतेकांच्या कपाटात आहे. दुष्काळाच्या कामांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, तेव्हा तिला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता. त्यासाठी १९७५ पासून नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे गरीब कोण आणि खाऊनपिऊन सुखी कोण, याचा निवाडा महाराष्ट्र सरकारने तेव्हाच करून टाकला होता. एका बाजूला खडी फोडणारे, दुसऱ्या बाजूला पगारपत्रकातून त्यांच्या मजुरीचे पैसे भरणारे. आजही तो कापला जातो. वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये, म्हणजे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, कारण बाराने भाग जात नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ही ओळ महिन्याच्या महिन्याला समोर येत असते. पेन्शनमधून मात्र हा कर कापत नाहीत, आणि निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांतच, एकसष्टीच्या सुमारास, मानपत्राचा मसुदा करायला घेतात.