विंचू आणि भुईकाटा

आमच्या पिकअपचं दार उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी चिकटवलेली दिसते. माणसं आणि सामान मिळून २,६१२ पौंडांच्या वर जाता कामा नये, असं तिच्यावर छापलंय. किलोत सांगायचं तर ११८५. चार वर्षं ही गाडी आमच्या दारात आहे, आणि चार वर्षं मी त्या चिठ्ठीला कोपर घासत चढते-उतरते आहे. वाचली मात्र कधीच नव्हती. लग्नपत्रिकेवरच्या ‘कृपया आहेर आणू नये’ला आपल्याकडे जो मान, तोच तिला होता.

मग अविनाशने कॅम्पर घेतला.

हा मागे जोडून ओढायचा प्रकार नव्हे. पिकअपचा मागचा फाळका काढून ठेवायचा आणि हौद्यात अख्खी खोलीच सरकवायची. शेगडी, सिंक, फ्रीज, बसायला बाक, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या माळ्यावर झोपायची गादी. डेन्व्हरच्या आमच्या मित्रमंडळींनी त्याच संध्याकाळी ‘विंचवाचं बिऱ्हाड’ असं त्याचं बारसं उरकलं. नाव चपखल, पण विंचवाचा हिशेब आमच्यापेक्षा सोपा आहे. विंचवाची मादी पिलं पाठीवर घेऊन हिंडते ती त्यांची पहिली कात पडेपर्यंत. मग पिलं उतरतात आणि आपापल्या वाटेला लागतात. शिवाय तिच्याजवळ कुकर नसतो.

आमच्याजवळ दोन आहेत.

माणसाने असं घर पाठीवर घेतलं की तो थांबायचं कुठे हे विसरतो. जॉन स्टाइनबेकचंही तेच झालं. १९६० साली त्याने पिकअपवर असंच घर बसवून घेतलं, डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याचं नाव रोसिनान्ते ठेवलं, आणि चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला बरोबर घेऊन अमेरिका पालथी घातली. सामानात दीडशे पौंड नुसती पुस्तकं होती, तीही वाचायची राहून गेलेली. ओरेगॉनमध्ये ऐन पावसात, रविवारी, टायर फुटला. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सलिनासच्या संग्रहालयात निवांत उभी आहे. अविनाशला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आपण पुस्तकं नेत नाही.” हे खरं आहे. आम्ही खलबत्ता नेतो.

आता गणित. आमच्या गाडीच्या जातीला इथे ‘पाऊण टन’ म्हणतात. हे नाव जुन्या काळचं, त्याचा आज ती किती उचलते याच्याशी संबंध उरलेला नाही. खरं काय ते दारावरची चिठ्ठी सांगते. कॅम्परच्या पाटीवर १,९५० पौंड लिहिलेत, पण ते ‘कोरडं वजन’. म्हणजे विवाहमंडळाच्या फॉर्मवर लिहितात तसलं वजन. पाण्याची टाकी ३० गॅलनची, ती भरली की २५० पौंड. आम्ही दोघं मिळून ३२०. त्यातले माझे किती, हे या लेखात येणार नाही. गॅसची टाकी ३७, बॅटरी ६०. अविनाशने बेरीज केली, पुन्हा केली, आणि चष्मा काढून ठेवला. २,६१७. अजून घरात एक चमचासुद्धा ठेवलेला नव्हता आणि आम्ही पाच पौंडांनी पुढे गेलो होतो.

“पाच पौंड काय, आपण दोघं कमी करू,” मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण हा विषय वाढवला नाही.

गाडीवर कॅम्पर चढवणं हा वेगळाच सोहळा. कॅम्पर चार कोपऱ्यांवरच्या चार जॅकवर खाटेसारखा उभा असतो, आणि गाडी उलटी घेत त्याच्या पोटाखाली घालायची असते. दोन्ही बाजूंना जागा जेमतेम दीड-दीड इंच. फाळक्याबरोबर मागचा कॅमेराही गेलेला. त्यामुळे मागे मी. पहिल्या दिवशी मी “थोडं डावीकडे, नाही, तुझ्या डावीकडे” असं सभ्य बोलून पाहिलं, त्याने काहीच साधलं नाही. शेवटी लहानपणी ऐकलेला ट्रकच्या क्लीनरचा आवाज माझ्या घशातून आपोआप निघाला. “आन दे… आन दे… आन दे… हां, बाऽस!” आणि हौद्यावर दोन थापा. गाडी इंचभरही इकडे-तिकडे न होता आत गेली. समोरचे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, ते थबकून बघत राहिले. पूजा चालली आहे असं त्यांना वाटलं असावं.

जॅक खाली घेताना चारही थोडे थोडे, पाळीपाळीने घ्यायचे, आणि पुढची बाजू किंचित वर राहू द्यायची. हौद्यात खाली रबरी चटई, म्हणजे घर सरकत नाही.

पण घर बसलं कुठे, हे महत्त्वाचं. कॅम्परच्या कुशीवर एक खूण असते, तिथे त्याचा गुरुत्वमध्य. गाडी कॅम्परसाठी घ्यायची असेल तर तिच्याबरोबरच्या कागदात हौद्यातला एक पट्टा दाखवलेला असतो. ती खूण या पट्ट्यात पडली पाहिजे, म्हणजेच मागच्या आसाच्या पुढे. अविनाश इंजिनिअर. तो पाकिटाच्या पाठीवर त्रिकोण आणि बाण काढून मला समजावायला बसला.

“म्हणजे उलाळ होऊ द्यायची नाही,” मी म्हटलं.

“काय?”

तो पुण्यात शहरात वाढलेला, त्याचा दोष नाही. माझं आजोळ वाळव्याकडचं. बैलगाडीत ऊस भरताना आजोबा गाडीजवळ उभे राहत, आणि मागे जास्त मोळ्या पडल्या की ओरडत, “फुडं घ्या रं, उलाळ हुतीया!” मागे भार झाला की दांडी वर उचलते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. सगळं पुढे लोटलं तर बैलांच्या मानेचा चेंदा होतो. अर्ध्या मोळीच्या फरकाने गाडी सुखाने चालते, हे आजोबांना दांडीला नुसता हात लावून कळे. पिकअपला बैल नाहीत, पण पुढची चाकं आहेत. ती हलकी झाली की स्टिअरिंग तेवढं आपल्या हातात राहतं, गाडी राहत नाही. अविनाशने त्रिकोणाखाली ‘उलाळ’ असं लिहून ठेवलं. तो कागद अजून गाडीच्या खणात आहे.

बांधायचं कसं, हेही शिकलो. हौद्यातल्या त्या नाजूक कड्या सायकल-बियकल बांधायला. घर बांधायला गाडीच्या चॅसीला जोडलेले भक्कम हात लागतात. चार कोपऱ्यांना चार टर्नबकल. सैल ठेवले तर घर उड्या मारतं, आवळत सुटलं तर कॅम्परचे कान उपटून येतात. आणि पहिल्या पंधरा-वीस मैलांवर उतरून पुन्हा बघायचं, कारण तोवर घर बसकण मारतं आणि साखळ्या ढिल्या पडतात. नव्या नवरीला माहेरून फोन येतो ना, “बसलं का बस्तान?”, तसं.

मग भुईकाटा. इथे हमरस्त्यावरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, एकेका आसाचं वजन वेगळं सांगणारे. साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या ज्या काट्यावर चढतात त्याचाच हा सख्खा भाऊ. खिडकीबाहेरचं बटण दाबलं की खांबातून आवाज येतो. कंपनीचं नाव? ट्रक नंबर? पहिलं वजन की फेरवजन? आमच्या पुढे-मागे अठरा चाकांचे अक्राळविक्राळ ट्रक, आणि मधे आमचं दोन माणसांचं बिऱ्हाड. “प्रायव्हेट,” अविनाश खाकरून म्हणाला.

पावती आली. गाडीची मर्यादा १०,००० पौंड, आणि आम्ही १०,३८०.

त्या रात्री आमच्या गॅरेजात जे झालं त्याला मी आवराआवर म्हणणार नाही. अविनाशने बाथरूममधला वजनकाटा बाहेर आणला आणि एकेक वस्तू त्यावर चढवली. त्याची लोखंडी हत्यारपेटी ७० पौंड (“ही लागतेच”). जनरेटर (“हाही”). माझा वीस पौंडी तांदूळ (“एवढा कशाला?”). चार खुर्च्या, माणसं दोन. जळणाची लाकडं तर पहिल्या झटक्यात उतरली. किडीमुळे ती लांबवर नेऊच नयेत, जिथे जाळायची तिथेच घ्यावीत. पण सगळ्यात मोठा चोर पाणी निघालं. पाऊण टाकी रिकामी केली की १८८ पौंड गेले. मुक्कामाला नळ असतोच, आणि तरीही आम्ही घरचं पाणी शेकडो मैल पाठीवर वाहून नेणार होतो. लातूरकराला हे सांगितलं तर तो समजून घेईल, दुसरं कोणी नाही. शेवटी खलबत्ता काट्यावर आला. दगडी, नऊ पौंड.

“अगं, मिक्सर आहे ना?”

मिक्सरमध्ये ठेचा होत नाही, चटणी होते, हे मी त्याला बावीस वर्षं सांगते आहे. पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी काही बोलले नाही, खलबत्ता उचलून बाजूला ठेवला.

फेरवजन ९,९६०. मागचा आसही हद्दीत. अविनाशने पावती दिवाळीच्या बोनससारखी घडी करून खिशात घातली.

बाकी मग सगळं सवयीचं होतं. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. निघताना गॅस बंद. सावलीच्या पट्टीवर ठळक अक्षरात ‘११ फूट ३ इंच’, कारण डोक्यावर घर आहे हे बँकेच्या ड्राइव्ह-इनपाशी हमखास विसरतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅममध्ये एक ११ फूट ८ इंचांचा रेल्वेपूल होता; त्याने इतक्या ट्रकांची टपं सोलली की लोक त्याला डबा फोडायची किल्ली म्हणू लागले. २०१९ साली तो आठ इंच उचलला, तरी गाड्या धडकतातच. अविनाशने ते सगळे व्हिडिओ पाहिलेत. “आपण जुन्या पुलाखालूनही गेलो असतो,” तो अभिमानाने सांगतो. “पाच इंच राखून.” आम्ही डरॅमला कधी गेलेलो नाही.

आम्ही गेलो ते पश्चिमेला, आयझेनहॉवर बोगद्यातून. अकरा हजार फुटांच्या वर, आणि पलीकडे लांबच लांब उतार. ब्रेक तापलेल्या ट्रकांसाठी कडेला वर चढत जाणारा खडीचा रस्ता करून ठेवलाय. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, हे खंडाळ्याच्या ड्रायव्हरांचं म्हणणं अविनाशने तोंडाने जपत जपत पाळलं. मागून येणारे वैतागत होते. वारा कुशीवर आला की घर हळूच डोलायचं, आणि आम्ही दोघं नकळत विरुद्ध बाजूला कलायचो.

संध्याकाळी नदीकाठी मुक्काम पडला. नळाचं पाणी भरलं, भात लावला. अविनाश बाहेर खुर्चीत पाय ताणून बसला होता. मी बाकाखालचा कप्पा उघडला, मिरच्या भाजल्या, लसूण सोलला, आणि पहिला ठोका घातला. दगडाचा तो भरीव आवाज नदीवर लांबवर गेला. बाहेर क्षणभर शांतता.

“काट्यावर होता तो?” त्याने मान न वळवता विचारलं.

“होता.”

पुन्हा शांतता. मी दुसरा ठोका घातला.

“मागच्या आसाच्या पुढे ठेवलायस ना?”