एडिटिंगला बघू की!

तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ज्याचा एकही फोटो नाही, पण लग्नाच्या व्हिडिओत ज्याची पाठ सगळ्यात जास्त वेळ दिसते, त्या माणसाबद्दल हे आहे. खिशाखिशांचं जाकीट, गळ्यात दोन कॅमेरे, कपाळाला घाम आणि तोंडात सतत "जरा इकडं बघा." ओळखलंत. आमच्या वाईतल्या अवताराला सगळे बापू म्हणतात. बापूला कुठलीही अडचण सांगा. वीज गेली, नवरीचं कुंकू फिसकटलं, मावससासूबाईंचा नेमका डोळा मिटला. उत्तर ठरलेलं: "एडिटिंगला बघू की!"

बापू आमच्या घरात शिरला तो पुतणीच्या लग्नात, आणि शिरला तो स्वस्त म्हणून. आधी पुण्याहून कोटेशन मागवलं होतं. तिकडचे लोक फोटोग्राफर नव्हते, 'वेडिंग स्टोरीटेलर' होते. दोन दिवसांचे पावणेदोन लाख, वर मुक्काम आणि जेवण आपल्याकडे. आमचे थोरले बंधू आण्णा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे फोटो काढणारेत का मुलीचं लग्न लावून देणारेत?" तेव्हा केटररनं ते सनातन वाक्य टाकलं, "आपला एक माणूस आहे." आपल्याकडे प्लंबरपासून हृदयाच्या डॉक्टरपर्यंत सगळे याच वाक्यातून आत येतात.

बापू ४५ हजारांवर बसला, आण्णा ३० वर. ड्रोन काढला, परत घातला. चाळीस शीटचा अल्बम तीसवर आला. 'कॅन्डिड'ला वेगळे पैसे कशाला, ते पण फोटोच ना, यावर अर्धा तास गेला. शेवटी ३६ हजारांवर सुपारी फुटली. याच आण्णांना केटररनं त्याच दुपारी पानामागे वीस रुपये वाढवून सांगितले, तर ते एवढंच म्हणाले, "जिलबी गरम पाहिजे." सातशे पानांचे किती झाले, हे हेडक्लार्कसाहेबांनी मोजलं नाही. जिलबी सगळ्यांना कळते.

पहिला प्रताप प्री-वेडिंगचा. मेणवलीचा घाट. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णा, आणि 'स्वदेस'चं शूटिंग इथंच झालेलं, म्हणून जिल्ह्यातलं प्रत्येक जोडपं त्या पायऱ्यांवर एकदा तरी उभं राहतं. आमची पुतणी एप्रिलच्या उन्हात भाड्याच्या मखमली गाऊनमध्ये, होणारे जावई सूटमध्ये, आणि बापू पायऱ्यांवर आडवा. मागे एक मावशी धुणं आपटत होत्या. पुतणी म्हणाली, "बापूकाका, त्या मावशी फ्रेममध्ये येतायत."

"येऊ द्या. एडिटिंगला बघू की!"

फोटो आले. मावशी खरंच गेल्या होत्या. त्यांनी डोक्यावर उगारलेलं लुगडं तेवढं राहिलं होतं, हवेत, आधाराशिवाय. आकाशही बदललेलं होतं. फोटोशॉपमध्ये २०२० सालापासून एका बटणावर आकाश बदलून मिळतं, आणि ते बटण सापडल्यापासून बापूनं वाईचं खरं आकाश कुणाला दाखवलेलं नाही. सूर्य जोडप्याच्या मागे मावळत होता आणि सावल्याही मागेच पडल्या होत्या. पायऱ्यांच्या कडेनं कासच्या पठारावरची फुलं उमलली होती. ती एप्रिलात कशी फुलली आणि मेणवलीपर्यंत कशी आली, असं मी विचारलं. बापू म्हणाला, "सर, तुम्ही मजा घ्या ना."

कॅन्डिड म्हणजे माणसाला न कळत काढलेला फोटो, असा माझा समज होता. बापूचं कॅन्डिड लांबूनही ऐकू येतं. "वहिनी, कॅन्डिड करतोय हां! मी नाहीच असं समजा. हसा. एवढं नको. आता लाजा. दादा, तुम्ही त्यांना लाजताना बघा. त्यांना बघा, मला नाही!" असं पाऊण तास झाल्यावर नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर जो खराखुरा थकवा उतरतो, तोच काय तो कॅन्डिड. तो मात्र एडिटिंगला जातो.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त होता १२ वाजून ३७ मिनिटांचा. अंतरपाट दूर झाला तो क्षण सातशे माणसांपैकी फक्त चौघांना दिसला: गुरुजी, बापू, व्हिडिओवाला आणि त्याचा दिवा धरणारा पोऱ्या. बाकीच्यांनी तीन पाठी पाहिल्या आणि अंदाजानं अक्षता टाकल्या. माळा पडल्या. तेवढ्यात बापूचं मेमरी कार्ड भरलं. त्यानं हात वर करून सगळ्या कार्यालयाला थांबवलं आणि म्हणाला, "गुरुजी, माळा परत एकदा."

गुरुजी लालबुंद झाले. "अहो, मुहूर्त टळला!"

"मुहूर्त एडिटिंगला बघू की!"

माळा परत घातल्या गेल्या, हे नोंदवून ठेवतो. शास्त्राप्रमाणे आमच्या जावयाचं लग्न १२.३७ ला लागलं आणि अल्बमप्रमाणे १२.४४ ला.

पण हाच बापू कार्ड भरेपर्यंत चार-चार हजार फोटो काढणारा आधी नव्हता. तो रोलच्या काळातला आहे. एका रोलमध्ये ३६ फोटो, नशीब असेल तर ३७ वा. लग्नाला रोल मोजून मिळायचे आणि स्टुडिओच्या मालकाचा डोळा त्यावरच. त्या काळातलं गणित तो रंगात आला की सांगतो: सप्तपदीला दोन, सूनमुखाला एक, विहिणींच्या पंगतीला दोन, आणि काही झालं तरी पाठवणीसाठी चार राखून ठेवायचे. मग स्टेजवर आहेर घेऊन येणाऱ्या दीडशे पाहुण्यांचं काय? "त्यांना नुसता फ्लॅश मारायचा. रोल पुढं सरकवायचाच नाही. पाहुणा हसून खाली उतरतो, त्याचं समाधान, आपला रोल शाबूत." १९९५ च्या आसपास ज्यांनी वाई-पाचगणीकडे लग्नाला जाऊन आहेर दिला आणि ज्यांचा फोटो अल्बममध्ये नाही, त्यांनी 'फोटो खराब झाला असेल' हा समज सोडून द्यावा.

मग डिजिटल आलं. कोडॅकच्याच एका इंजिनिअरनं १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता, कंपनीनं रोलच्या धंद्याकडे पाहून तो मागं ठेवला, आणि २०१२ मध्ये त्याच कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. हे बापूला पाठ आहे. यातून काय शिकलास, असं विचारलं तर म्हणतो, "कोडॅकनं एडिटिंगकडं लक्ष दिलं नाही."

चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा बापू पासपोर्ट साइजचे फोटो काढतो, शाळांचे ग्रुप काढतो, निवडणूक असेल तर एकाच कार्यकर्त्याला तीन पक्षांच्या उपरण्यांत काढून ठेवतो. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात त्याला कुणीतरी सांगितलं की फोटो ऑनलाइन विकता येतात. शटरस्टॉकसारख्या साइटवर टाकायचे, अमेरिकेतला माणूस विकत घेणार, डॉलर इकडे. बापूनं रातोरात तीनशे फोटो चढवले. बहुतेक परत आले. तिकडचे परीक्षक निर्दय. फोकस नाही, प्रकाश नाही, दाणे दिसतात. आणि ज्या फोटोत ओळखू येईल असा चेहरा आहे, त्या माणसाची लेखी संमती जोडा. बापूनं आयुष्यात एडिटिंगला बघू म्हणून टाळलेली प्रत्येक गोष्ट त्यांना आधी हवी होती.

संमतीचा तो फॉर्म बापूनं झेरॉक्स करून थेट पुतणीच्या लग्नात कार्यालयात आणला. फेटा बांधलेल्या, मिशीवाल्या, थोडक्यात 'फॉरेनला चालतील' अशा पाहुण्यांना गाठून तो सही मागत होता. आमच्या आत्याच्या यजमानांनी कागद उलटा-सुलटा पाहिला. इंग्रजी. खाली सहीची रेघ, साक्षीदाराची रेघ. त्यांनी पेन परत दिलं आणि शांतपणे विचारलं, "जमिनीचं काय नाही ना यात?" पुढच्या दहा मिनिटांत 'फोटोवाला सह्या घेतोय' ही बातमी पंगतीत पोचली आणि तीन बिऱ्हाडं मठ्ठा न पिताच उठली.

शेवटी त्याचा एकच फोटो चालला: हळद कालवणारे दोन हात. हिरव्या बांगड्या, पितळी वाटी, चेहरा नाही, म्हणून संमतीची कटकट नाही. तो फोटो मी पाहिला आहे. नखांच्या कडेला बसलेली हळद, मनगटावरून ओघळलेला एक थेंब, आणि खिडकीतून आलेला उजेड बरोबर त्या वाटीत. कुठलंही बटण न दाबता आलेला उजेड. एका डाउनलोडला त्याला दहा सेंट मिळाले, म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. किमान दर तेवढाच, आणि दर १ जानेवारीला सगळे विक्रेते परत कमाईच्या पहिल्या पायरीवर. ठरलेली रक्कम साठल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. बापू मोबाईलवर तो आकडा अजून दाखवतो. "सर, तिकडचं कुणीतरी आपली हळद बघतंय," म्हणतो.

आण्णांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. ते हात आमच्या घरातले, हळद आमची, सबब आठ रुपये आमचे. बापूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे आण्णा. पैसे देणाऱ्याचा. बाकी अठरा हजार कधी देताय?" कायद्याचा विषय तिथेच संपला.

आता अल्बमच्या उशिराबद्दल. उशीर फोटोवाला करतो असं सगळं जग समजतं. बापूनं आठवड्यात पेन ड्राइव्ह आणून दिला होता: चार हजार फोटो, त्यातले अडीचशे निवडून द्या. तो पेन ड्राइव्ह आमच्या आणि व्याह्यांच्या घरांमध्ये फिरत राहिला. वहिनींना त्यांची पैठणी दिसणारे हवेत, विहीणबाईंना वहिनींची पैठणी न दिसणारे. मंगळागौर झाली, दिवाळसण झाला, निवड होईना. शेवटी बापूच लॅपटॉप घेऊन येऊन बसला, एकेक फोटो पुढं सरकवत.

त्यात तो ग्रुप फोटो आला.

आण्णा आणि आमचे चुलत बंधू तात्या यांच्यात बांधावरून भांडण. हातभर जागा, पण बोलणं बंद, केस चालू. तात्या लग्नाला आले ते लोकलाजेस्तव, मागच्या खुर्चीत बसले, आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवला. बापूला हे माहीत होतं. गावातली सगळी भांडणं त्याला माहीत असतात, ग्रुप लावणाऱ्याला ती माहीत असावीच लागतात. तरी त्यानं स्टेजवरून हाक मारली, "तात्या, चला वर. थांबलोय तुमच्यासाठी." सातशे लोकांसमोर नाही म्हणता येईना. बापूनं त्यांना आण्णांच्या शेजारीच उभं केलं. "अजून जवळ. तात्या, फ्रेममध्ये येत नाही, हात टाका खांद्यावर. हां." क्लिक. फ्रेममध्ये जागा भरपूर होती. मी समोरच उभा होतो.

लॅपटॉपवर तो फोटो आल्यावर आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला काढ यातून. एडिटिंगला."

बापूनं फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मग म्हणाला, "ते नाही होत आण्णा."

"त्या धुण्याच्या बाईला काढलंस की!"

"तिचं लुगडं राहिलंच ना? तात्यांना काढलं, तर तुमच्या खांद्यावर त्यांचा हात राहील."

'नाही होत' हे शब्द बापूच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, आणि त्यानंतर कुणीही ऐकले नाहीत. फोटो अल्बममध्ये आहे, पूर्ण दोन पानांवर, तात्यांसकट. आकाश बदललेलं वगैरे नाही, मागे कार्यालयाची पिवळी भिंत आणि 'पादत्राणे बाहेर काढावीत' ही पाटी. केस अजून चालू आहे. तारखेला दोघं वेगवेगळ्या एसट्यांनी साताऱ्याला जातात.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होईल आणि तुमच्याही घरात कुणीतरी म्हणेल, "आपला एक माणूस आहे." घासाघीस जरूर करा, त्यानं ती धरूनच आकडा सांगितलेला असतो. बाकीचे पैसे मात्र पाठवणीच्या आधी द्या आणि फोटो महिन्याभरात निवडा. जेवायला बसायच्या आधी त्यानं एखादा इंग्रजी फॉर्म पुढं केला, तर सही करून टाका. जमिनीचं काही नसतं त्यात.