बेडरूम जंक्शन

आठ बाय चारची प्लायवूडची फळी लिफ्टमध्ये मावत नाही. ती जिन्यानं चौथ्या मजल्यावर चढवताना दोन हमालांना प्रत्येक वळणावर "जरा तिरपी, जरा तिरपी, भिंतीचा रंग सांभाळा" असं बजावणारा साठीतला गृहस्थ दिसला, की समजावं, या घरात आता रेल्वे येणार आणि पाहुण्यांची झोपायची सोय जाणार.

हे गाडीवाले काका. पुण्यात यांचं पीक जरा जास्तच आहे, आणि त्याचं थोडं खापर कोथरूडमधल्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयावर फोडता येईल. ते 1998 साली सुरू झालं. तेव्हापासून नातवंडांना दाखवायच्या निमित्तानं आजोबा तिथे जातात. खेळ संपल्यावर नातवंडं आइस्क्रीमचा विषय काढतात आणि आजोबा सिग्नलकडे बघत उभेच राहतात.

मूळ दुखणं मात्र जुनं. लहानपणी वाड्यात एका डॉक्टरांकडे विलायतेहून आणलेली हॉर्नबीची चावीची गाडी असायची. वर्षभर काचेच्या कपाटात, आणि गणपतीच्या आराशीत दहा दिवस मखराभोवती. हात लावायची प्राज्ञा नव्हती. काकांनी सरकारी नोकरी केली, मुलं शिकवली, फ्लॅटचे हप्ते फेडले आणि फंडाचा पैसा हातात आल्यावर पहिली तीच गाडी मिळवली. आता ती त्यांच्या काचेच्या कपाटात असते आणि हात लावायची प्राज्ञा नातवाला नसते.

जुन्या बाजारात त्यांना बघणं हा एक अनुभव आहे. पथारीवर पत्र्याचं लाल इंजिन दिसलं की काका तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते शेजारचा मिक्सर उचलतात, त्याचं भांडं फिरवून बघतात, किंमत विचारतात, नाक मुरडतात आणि जाता जाता "हा पत्रा कसा दिला?" म्हणतात. पथारीवाला त्यांना गेली कित्येक वर्षं ओळखतो. तो शांतपणे मिक्सरपेक्षा जास्त किंमत सांगतो. काका कळवळतात आणि घेतात. घरी येताच भिंग काढून तळाची अक्षरं वाचतात. हॉर्नबी बनवणाऱ्या "मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल"चं नाव दिसलं की त्या दिवशी जेवणाला दोन पोळ्या जास्त. इंजिनाला चावी मिळालेली नसते, पण त्याची चिंता नाही. काकांच्या जानव्याला दोन किल्ल्या आहेत. एक गोदरेजच्या कपाटाची, दुसरी हॉर्नबीची.

चौकशी करण्याची चूक मात्र करू नये. फ्रँक हॉर्नबीनं 1920 साली चावीच्या गाड्या आणल्या, तिथून ते सुरू होतात आणि 1938 च्या तीन रुळांच्या विजेच्या 'डब्लो'वर येईपर्यंत तुमचा चहा गार होतो. मग युद्धापूर्वीच्या ओतकामाचा रोग. जस्तात शिशाची भेसळ राहिली, तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो आणि चाकाचा हातात भुगा होतो. हे सांगताना काकांचा आवाज आयसीयूबाहेर बोलावा तसा खाली येतो. यावर औषध नाही, म्हणतात.

मुलगा न्यू जर्सीला. बाकीच्यांची मुलं तिकडून बदाम आणि परफ्यूम आणतात, याला लायनेलच्या गाड्यांचा सेट आणायचा हुकूम असतो. पहिला सेट आला तेव्हा काकांनी उत्साहाच्या भरात तिकडचा 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इकडच्या 230 च्या प्लगमध्ये खुपसला. इंजिनातून धूर निघतो असं खोक्यावर लिहिलं होतंच, त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट सगळे टाळ्या वाजवत होते.

आता फळीकडे येऊ. दिवाळीत अंगणात पोरं माती कालवून किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की हा किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडत नाहीत. डोंगर प्लास्टर ऑफ पॅरिसचे. झाडं भांड्यांच्या हिरव्या घासणीची. रुळांमधली खडी म्हणजे चहाच्या गाळण्यानं चाळलेली वाळू. ती बसवण्याचं तंत्र बघण्यासारखं आहे. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालायचं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, म्हणजे मिश्रण वाळूवर थेंब धरून न बसता आत मुरतं. मग सुई काढलेल्या सिरिंजनं दोन स्लीपरच्या मधे एकेक थेंब सोडत जायचा. वीतभर रुळाला एक दुपार जाते. काकूंच्या स्वयंपाकघरात त्या काळात ना गाळणं सापडतं, ना घासणी, ना लिक्विड.

आणि फळीवर काय असावं? अर्थात बोरघाट. जन्मभर पुण्यात काढलेल्या माणसाला दुसरा घाट सुचत नाही. खऱ्या घाटात 37 फुटांना एक फूट चढ आहे, म्हणून काकांनाही तेवढाच हवा. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायचा तर तीन इंच उंची लागते. तीन इंच चढायला 111 इंच, म्हणजे सव्वानऊ फूट. फळी आठ फुटांची. शिवाय वळणावर चढ द्यायचा नाही, असा काकांचा स्वतःचा नियम. दुसरा कोणी असता तर त्यानं चढ वाढवला असता. काकांनी खोली वाढवली. रूळ फळीवरून निघून, बेडरूमच्या दारावरून उचलत्या पुलानं पलीकडे जातो आणि खंडाळा येतं ते पूर्वी जिथे इस्त्री ठेवत त्या फळकुटावर.

या घाटातून निळं 'सर नायजेल ग्रेस्ली' आणि किरमिजी 'डचेस ऑफ अथॉल' ही अस्सल इंग्रजी इंजिनं मागे ढकलणारं बँकर लावून चढतात, याचं काकांना काही वाटत नाही. कर्जतला थांबतात, बँकर जोडून घेतात, असं ते शपथेवर सांगतील. त्यांची झोप उडते ती वेगळ्याच कारणानं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, एच-ओ नावाच्या मापासाठी त्याला 87 नं भागलं की सव्वाएकोणीस येतात, आणि त्या मापाचा रूळ असतो साडेसोळाचा. मधले पावणेतीन मिलिमीटर गेले कुठे? रात्री दोनला ते काकूंना उठवून हे विचारतात. (स्वतः मुंबईला मात्र शिवनेरी बसनं जातात. का, ते विचारलं की विषय बदलतात.)

एवढं करून गाडी चालते किती? बघणाऱ्याची फार निराशा होते. आधी शाळकरी खोडरबरानं रूळ घासले जातात. मग सांध्यांची तपासणी. मग वेळापत्रक. हो, वेळापत्रक आहे, टाइप केलेलं, दारामागे लावलेलं. गाडी सुटते, बोगद्यात शिरते, आणि बोगद्यातच घसरते. काका कोपरापर्यंत हात डोंगरात घालून शोधत असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते गाडी नीट धावताना कधी दिसत नाही. माझं तर मत आहे, यांना खेळायचंच नसतं. यांना खातं चालवायचं असतं. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी थांबलेला माणूस, इथे हिरवा दिवा त्याच्या हातात.

याचा पहिला फटका काकूंना. पूल खाली असला की बेडरूममधून बाहेर पडायला लाइन क्लिअर लागतो.

"अहो, दूध उतू जातंय!"

"थांब गं, पळसदरी सोडलंय तिनं."

काकू थांबत नाहीत. वाकून पुलाखालून जातात. कंबर धरते ती संध्याकाळपर्यंत.

पण खरा इंजिनिअर घरात कोण, हे तेल संपलं की कळतं. चावीच्या इंजिनाला शिलाई मशीनचं तेल लागतं आणि ते काकूंच्या मशीनच्या खणात असतं. किती थेंब, कुठे, हे त्यांच्या हातालाच ठाऊक आहे. मे महिन्यात नातू आला. काका दुपारी आडवे झाले. काकूंनी झोपलेल्या नवऱ्याच्या जानव्यातली हॉर्नबीची किल्ली अलगद सोडली, कपाट उघडलं, इंजिनाला तेल दिलं, चावी भरली आणि रूळबिळ काही न मांडता हॉर्नबी सरळ दिवाणखान्याच्या फरशीवर सोडून दिली. ती सोफ्याखालून गेली, टीपॉयच्या पायाला धडकली, उलटी पडून चाकं फिरवत राहिली. नातू इतका हसला की काका जागे झाले.

संध्याकाळी बेडरूमच्या दारामागे, वेळापत्रकाच्या खाली, नोटीस लागली : "आज दुपारी 2.40 वाजता एक विशेष गाडी विनापरवाना, विनासिग्नल व विनारूळ सोडण्यात आली. संबंधितांनी लेखी खुलासा करावा. हुकमावरून."

खाली पेन्सिलीनं, काकूंच्या अक्षरात खुलासा होता : "वेळेवर सुटली."