कातळातला निळा चौकोन

वाशिंदला 'सेकंड होम' घेणाऱ्या मुंबईकराची आंब्याची कलमं रुजायच्या आत त्याला तरणतलाव सुचतो. ८ मीटर लांब, ४ रुंद, सरासरी दीड खोल. खाली कातळ लागतो, ब्रेकर मागवावा लागतो. पाणी काठावरून ओसंडलंच पाहिजे, म्हणजे फोटोत माहुली गड तलावातून उगवल्यासारखा दिसतो.

हिशेब करून बघा. ४८ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर पाच. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. त्या मापाने पाच जणांच्या घराचं हे जवळपास सहा महिन्यांचं पाणी. त्यात वैशाखात रोज आठेक मिलिमीटरची वाफ झाली, तर अडीचशे लिटर आणखी गेले. उन्हालाही एका कुटुंबाचा कोटा मंजूर!

तक्रार तरी काय करायची? १८९२ पासून तानसा आणि पुढे भातसा, दोघी याच शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी पाजतात, आणि उन्हाळ्यात तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. मुंबईकर निदान अंघोळीचा टॉवेल तरी घरून आणतो.

पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवू नका, असं जाणता कंत्राटदार बजावतो. भूजल चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते. म्हणून तो जुलैतही भरलेला, मे महिन्यातही भरलेला. माळी रोज सकाळी जाळीने बेडूक काढतो. मालक शनिवारी पडघ्याच्या टोलनाक्यावर अडकलेला असतो.