वर्डच्या खिडकीतलं जग

वर्डमधल्या फाइलचं वेब पान करायचं, तर ‘वेब ऑप्शन्स’ नावाची एक खिडकी आहे. मोठी अगत्यशील. आपले वाचक कोणता ब्राउझर वापरतात, अशी आपुलकीने चौकशी करते आणि पर्याय देते ते इंटरनेट एक्सप्लोररच्या आवृत्त्यांचे! ज्याला खुद्द मायक्रोसॉफ्टनेच जून २०२२मध्ये निरोप दिला, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच घरात अजून पाट मांडलेला. पडद्याचा आकार? यादीत अजून ८०० गुणिले ६०० आहेच. वाचक आता अंगठ्याने पान सरकवतो, हे तिला कुणी सांगायचं?

फाइल साठवताना प्रकारांच्या यादीतून नुसतं ‘वेब पेज’ निवडलंत, तर दोन ओळींच्या सूचनेमागे ‘एमएसओ’ आडनावाच्या खुणांचं लटांबर येतं. का, तर फाइल पुन्हा वर्डमध्ये उघडली तर जशीच्या तशी दिसावी. म्हणजे सगळी सोय वर्डची. वाचक आपला उपरा. त्यातलं बरंचसं गाळणारा ‘फिल्टर्ड’ हा पर्याय यादीत शेजारीच असतो, पण तो निवडतो कोण?

मराठीची तर आणखी गंमत. एन्कोडिंगला यूटीएफ-८ निवडून मंडळी निर्धास्त होतात. पण संस्थेचा अहवाल टंकलेला असतो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात. तिथे अक्षर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं नि चिन्हं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर अध्यक्षांचं मनोगत शिवीगाळ केल्यासारखं दिसतं.

तेव्हा आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग ‘फिल्टर्ड’ निवडा. पडद्याच्या आकाराबद्दल खिडकीला काय वाटेल ते सांगा; कुणाचं काही बिघडत नाही.