सोळा संस्कार झाले, आता सतरावा

वहिनी, खिडकी लावून घ्या आधी. पेठेत पसरलंच आहे म्हणा, पण माझ्याकडून पसरलं असं नको व्हायला.

आमच्या भाचीचं प्री-वेडिंग झालं. लग्न मार्गशीर्षात, हे त्याच्या आधीचं. साखरपुडा आणि सीमांतपूजन यांच्यामध्ये हा सतरावा संस्कार कुणी घुसवला कोण जाणे, पण मुहूर्त मात्र कडक! सकाळी साडेसहा. उन्हं कोवळी असतात म्हणे. एरवी दहाच्या आत डोळा न उघडणारा आमचा भावी जावई पहाटे पाचला फेटा बांधून तयार.

आणि जागा कोणती? शनिवारवाडा! आत जायची वेळ झालेली नसते, म्हणून बाहेरच, दिल्ली दरवाजाला पाठ लावून. अहो, 1732 साली त्या वाड्याची वास्तुशांत झाली, पण शांती काही वाट्याला आली नाही. 1773 साली अठरा वर्षांच्या नारायणरावाला गारद्यांनी तिथं तोडलं, ते सख्ख्या काकाच्या समोर. 1828 साली आग लागून उरलंसुरलं जळालं. दरवाजावर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून वीतभर लांबीचे अणकुचीदार खिळे. आणि त्या खिळ्यांच्या बेचक्यात हा उभा, याच्या खांद्यावर मान टाकून ही!

वर तो फोटोवाला ओरडतोय, ‘दादा, थोडा बाजीराव-मस्तानी फील द्या!’ मला राहवेना. म्हटलं, बाबा रे, 2015 चा सिनेमा सोड. त्या बिचारीला घरच्यांनी शेवटपर्यंत सून म्हणून आत घेतलं नाही. 1740 साली बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले, तेव्हाही ती जवळ नव्हती. हा कुठला फील देतोस लग्नाआधी? होणाऱ्या विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना मात्र हा इतिहास एकदम पटलेला दिसला.

तिथून वरात ओंकारेश्वराला. कळस देखणा आहे, नाही कुठं म्हणतेय मी? पण आवारात चिमाजीअप्पांची समाधी, खाली मुठा. तिचा वास फोटोत येत नाही एवढंच. पोरीनं ओढणी वाऱ्यावर सोडली, तर ती दर्शनाला आलेल्या एका आजोबांच्या चष्म्यात अडकली. ते जे बोलले ते मी सांगणार नाही. ओंकारेश्वराच्या दारात तसलं बोलू नये.

लाल महालाचं नाव निघालं होतं, पण मीच हाणून पाडलं. 2022 मध्ये तिथं कुणी लावणीचं रील केलं तर पोलिसांपर्यंत गेलं होतं प्रकरण. लग्नाआधी चौकी नको.

विश्रामबागवाडा मात्र चोख निवडला. 1807 चं बांधकाम, ते सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब, वरचा सज्जा. शिवाय मालक दुसरे बाजीराव. त्यांची लग्नं म्हणे अकरा! त्या काळी कॅमेरा असता तर फोटोवाल्याच्या पिढीनं बसून खाल्लं असतं. तिकडं खांबाआडून ही डोकावतेय, इकडून तो डोकावतोय, आणि मधे बाजीराव रोडवरची बस हॉर्नवर हात ठेवून उभी.

पण खरी गंमत पुढंच. फोटोवाल्याला हवा होता ‘ओरिजिनल राहता वाडा’. आता आपल्या पेठेत वाडे राहिलेत कुठं? जिथं तिथं रेसिडेन्सी. आमचा उभा आहे तो काही पुण्याईनं नाही, मालक-भाडेकरू खटल्यामुळं. तारखांवर तारखा पडतायत म्हणून वाडा पडत नाही. तर आली सगळी आमच्याच चौकात. ज्या जिन्यात माझ्या तरुणपणी कुणी कुणाशी दोन मिनिटं बोललं तर पाच खिडक्या उघडायच्या, तिथं यांची गळामिठी! खिडक्या आजही पाचच्या पाच उघडल्या म्हणा, पण मोबाइल घेऊन.

पाण्याची काळी टाकी झाकायला माझीच गोधडी. स्कूटर हलवली, तुळशीवृंदावन पुसलं. आणि मग तो मुलगा, माझ्या नातवाच्या वयाचा, मला काय म्हणावा? ‘आजी, तुम्ही मागं ओसरीवर तांदूळ निवडत बसा ना. एकदम ऑथेंटिक वाटेल.’

आजी! मी असा झापला त्याला! म्हटलं, आम्ही लग्नात एकच फोटो काढला, स्टुडिओत, मधे कुंडी ठेवून. हे काय तमाशाचे थेर? माझी ओसरी म्हणजे काय तुमचा पडदा आहे?

मग काय? मग बसले. पण अंगावर गाऊन होता, म्हणून त्याला दहा मिनिटं थांबवलं आणि ठेवणीतली इरकल नेसून आले. तांदूळ हल्ली पाकिटातले, निवडायला त्यात काही नसतंच. कुंडीतले चार खडे टाकले.